भिंतीपलीकडची दाद

१० मार्च, पहाटे ५.१०
टक टक टऽक. गुरुजी कविता शिकवताना टेबलावर रूळ आपटत. साठ वर्षं झाली, आवाज अजून कानात आहे. आज मी कविता म्हणताना शेजारच्या बाईंनी भिंतीवर अगदी तोच ठेका धरला. रसिक आहेत. बत्तीस वर्षं ही खोली सोडवली नाही, ती काय उगाच!

१४ मार्च
घरमालकाचा कोर्टात दावा. म्हणे, रोज पहाटे ओरडून शेजाऱ्यांना उपद्रव, सबब खोली खाली करून द्यावी. ओरडून! जबाब वृत्तातच देणार.

१९ मार्च
वकीलबाई म्हणाल्या, काका, जबाब मी लिहिते. तुम्ही फक्त पहाटे गप्प बसा. कबूल. उद्यापासून कडक मौन.

२० मार्च, पहाटे ५
मौन सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच सुरुवात केलेली टिकत नाही.

२ एप्रिल
शेजारच्या बाईंना विचारलं, साक्षीला याल का. दार अर्धवट उघडून म्हणाल्या, येणारच आहे. न सांगता! वकीलबाईंना कळवलं. त्यांनी विचारलं, कोणाच्या बाजूने? वकिलांचा स्वभावच संशयी.

१८ एप्रिल
बाई मालकाच्या बाजूने. धाकदपटशा असणार. म्हणाल्या, मी भिंत बडवते ती यांनी थांबावं म्हणून, तर हे आणखी चढ्या आवाजात सुरू होतात. न्यायाधीशांनी मला विचारलं, खरंच एवढ्या मोठ्याने म्हणता? वकीलबाई बाही ओढत होत्या. मी म्हटलं, साहेब, ऐकूनच ठरवा. दोन कडवी झाली तोच शेजारच्या कोर्टाचा शिपाई धावत आला, मारामारी कुठे चालली आहे म्हणून. न्यायाधीश खाली मान घालून भराभर लिहीत होते. ओळी उतरवून घेत असावेत.

६ मे
निकाल विरुद्ध. महिन्यात खोली खाली करायची. वकीलबाई म्हणाल्या, अपिलात दम नाही, निकालपत्रात तुमच्या काव्यवाचनावर अख्खं पान आहे. अख्खं पान! मासिकांनी कधी चार ओळी घेतल्या नव्हत्या.

५ जून, पहाटे ५
उद्या बेलीफ येणार. वही उघडली. तशीच मिटली. भिंतही गप्प.

५.२०
टक टक टऽक. भिंतीवर नव्हे, दारावर. उघडलं तर शेजारच्या बाई. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच दारात. हातात रिकामी खोकी, मनगटात चिकटपट्टी, चेहरा हसरा. विचारलं, जाता जाता एक कविता ऐकणार का?
म्हणाल्या, काका, आधी भांडी भरू या.