गोधडीचा घास

आई,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी इथून पाठवलेली सगळी पत्रं शेजारचे मास्तर तुला वाचून दाखवायचे. मग त्यांत मी लिहिणार तरी काय? आम्ही खुशाल आहोत, थंडी फार आहे, ह्यांची ड्यूटी बदलली. मास्तरांच्या तोंडून ऐकवण्यासारखं तेवढंच होतं. आता तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मास्तरही गेले, तेव्हा पहिल्यांदाच मध्ये कोणी नाही. कॉव्हेंट्रीतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. सांगायचं आहे ते एका गोधडीबद्दल. हसू नकोस, पण ती इथल्या आर्ट गॅलरीत भिंतीवर टांगली होती.

दुपारची झाकपाक झाली की तू जमिनीवर जुनं लुगडं पसरतेस, त्यावर फाटक्या कपड्यांचे थर लावतेस आणि मला समोरच्या कडेला बसवतेस. माझा टाका लांब पडला की हातावर चापट बसते. "एवढा मोठा टाका? पोराच्या पायाचं बोट अडकेल त्यात. उसव!" मी उसवते. कडेकडेने शिवत आपण आत येतो. शेवटी मुद्दाम सोडलेला एक कोपरा उघडा उरतो, तेव्हा तू उठून ताज्या भाकरीचा तुकडा आणतेस, थरांच्या मध्ये ठेवतेस आणि कोपरा शिवून टाकतेस. एकदा मी सकाळचा तुकडा आणला तर केवढी ओरडलीस. "पहिलाच घास शिळा? जन्मभर ऊब देणार ती आपल्याला." घास दिला की गोधडी पुरी झाली. त्याआधी ती कोणी अंगावर घ्यायची नाही आणि त्यानंतर तो कोपरा कोणी उसवायचा नाही. हे तुझे नियम. का, ते मी कधी विचारलं नाही.

ह्यांना इथली पिसांची रजई कधीच आवडली नाही. "अंगावर आहे की नाही तेच कळत नाही," म्हणायचे. "मला वजन पाहिजे. तुझ्या आईच्या गोधडीसारखी एक कर." मग त्यांचेच जुने शर्ट कापून मी सुरुवात केली. हॉस्पिटलातून एक्स-रे काढून काढून दमून यायचे, टीव्हीवर बातम्या लावायचे आणि मी शेजारी शिवत बसायची. "अंगातला शर्ट तरी ठेव हं," अशी थट्टा चालायची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका सकाळी कामावर निघाले, दारातच छाती धरून बसले, ते उठले नाहीत. गोधडीचा शेवटचा कोपरा राहिला होता. मी सुई तशीच खोचून ती एअरिंग कपबोर्डात, गरम पाण्याच्या टाकीवरच्या फळीवर ठेवून दिली. टॉवेल काढायला रोज ते दार उघडायची आणि तिच्याकडे न बघता लावायची. काम थोड्याच टाक्यांचं होतं. पण घास दिला की ती पुरी होणार, आणि मग ह्यांच्यासाठी करायचं माझ्या हातात काही उरणार नव्हतं. अशीच काही वर्षं गेली.

त्या वर्षांत मी लायब्ररीत जायला लागले. शाळा सातवीपर्यंतची, आधी लहान मुलांची इंग्रजी पुस्तकं वाचली, मग डिक्शनरी शेजारी ठेवून मोठ्या टाइपातल्या कादंबऱ्या. तिथेच एक पत्रक दिसलं. अमेरिकेतल्या एका म्युझियममधल्या जुन्या क्विल्ट, म्हणजे गोधड्याच, आमच्या गॅलरीत येणार होत्या, आणि त्यानिमित्त दर मंगळवारी बायकांसाठी शिवणाचा वर्ग होता. गेले. काय सांगू आई, भिंतीवर चित्रांसारख्या गोधड्या! मंद दिवे, पुढे दोर बांधलेला, हात लावू नका. म्युझियमची एक बाई अमेरिकेहून आली होती, तिने पडद्यावर स्लाइड दाखवत तासभर भाषण केलं: रंग, आकार, कुठल्या बाईने कुठल्या साली शिवली. शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हणाली. माझा हात कसा वर गेला मलाच कळलं नाही. "ह्या अंगावर घेऊन कोणी झोपलं होतं का?" सगळे हसले. ती नाही हसली. एका गोधडीजवळ नेऊन तिने वरची कड दाखवली, हनुवटीपाशी यायची तिथे झिजून विरली होती.

मंगळवारच्या वर्गात माझ्या शेजारी एक आयरिश म्हातारी बसायची, तीही विधवा. वर्ग चालवणारी गॅलरीतली तरुण बाई सगळ्यांना सांगत होती की बाजूच्या खोलीत आपल्या गावातल्या बायकांचं कामही टांगायचं आहे, घरी काही असेल तर आणा. मी सुईत दोरा ओवत राहिले. पण म्हातारीला मी सगळं सांगून बसले होते, घासाचंसुद्धा. ती जोरात म्हणाली, "हिच्याकडे आहे एक. नवऱ्याचे शर्ट आहेत त्यात. फक्त तिला जेवायला घालायचं राहिलंय." मग माझ्याकडे वळून, "किती दिवस उपाशी ठेवणार आहेस, लव्ह? माझा नवरा असता तर केव्हाच पबात गेला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपबोर्ड उघडला. ज्वारीचं पीठ घरात नव्हतं, म्हणून कणीक मळून पोळ्या करायला घेतल्या, पहिली तव्यावरून काढली, दुसरी टाकली आणि पहिलीचा गरम गरम तुकडा घालून कोपरा शिवून टाकला. रडू येईल वाटलं होतं. तव्यावर दुसरी पोळी करपत होती, ती उलटायला उठले.

गोधडी गॅलरीत देऊन आले आणि थोड्याच दिवसांत फोन आला, जरा येऊन जाता का. तळघरात एक पांढरं टेबल, त्यावर माझी गोधडी आणि वर मोठा दिवा. जुन्या वस्तूंची निगा राखायला तिथे एक बाई असते, कॉन्झर्व्हेटर म्हणतात तिला. पांढरे हातमोजे घातलेल्या तिने कोपऱ्यावरच्या तेलकट डागावर बोट ठेवलं. "इथे आत काय आहे?"

आई, पोळी तव्यावरून काढली की तूप लावायचं, इतकी वर्षं हाताला तीच सवय. घासालाही लावलं होतं. तुझी भाकरी कोरडी असायची!

"ब्रेड आहे," मी म्हणाले. "बटर लावून."

वर्ग चालवणारी बाई शेजारी उभी होती, तिने डोळेच मिटले. कॉन्झर्व्हेटरने मात्र शांतपणे समजावलं. अन्नाला किडे लागतात, ते एका कापडावरून दुसऱ्यावर जातात, आणि वरच्या मजल्यावर दुसऱ्यांनी विश्वासाने पाठवलेल्या शंभर वर्षांच्या गोधड्या आहेत. तिचं खरं होतं. "फक्त एवढा कोपरा उसवू या," तरुण बाई म्हणाली. "मी स्वतः पुन्हा शिवून देईन, अगदी होता तसा."

"नको," मी म्हणाले. "मी घरी नेते ती." आणि घडी घालायला लागले. कॉन्झर्व्हेटरने गोधडीच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवला. "थांबा. तो तुकडा कशासाठी आहे?" मी सांगितलं. ह्यांचं, सुईचं, कपबोर्डाचं, सगळं, मोडक्या इंग्रजीत. तिने हातमोजे काढले आणि ती म्हणाली, "मी ही प्लॅस्टिकमध्ये बंद करून फ्रीझरमध्ये ठेवू शकते. काही दिवस कडक थंडीत ठेवली की किडा, अंडी, काही जगत नाही. डाग जाणार नाही. पण उसवावं लागणार नाही. तुमच्या रीतीत चालेल का, गोठवलेलं?"

"आमच्या घरी उरलेल्या पोळ्या फ्रीझरमध्येच असतात," मी म्हणाले. तेव्हा कुठे आम्ही तिघी हसलो.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिचं तिचं. "आई! तू म्युझियमच्या बाईला सांगितला की आत ब्रेड आहे? ओ गॉड. बाबा किती हसला असता." किती दिवसांनी तिने बाबा हा शब्द हसत उच्चारला होता.

गोधडी टांगली गेली. लोक समोर थांबायचे, शर्टाच्या पट्ट्या बघायचे, पुढे जायचे. मी लांब बाकावर बसून बघायची आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं. प्रदर्शन संपल्यावर, कायमची गॅलरीला द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. ह्यांना वजन हवं होतं, भिंतीवर त्याचा काय उपयोग? घरी आणली आणि अंगावर घ्यायला लागले. चांगली झोप लागते.

आणि आता जे सांगायचं ते. गेल्या आठवड्यात लेक आली, तिच्या हातून गोधडीवर चहाचा अख्खा मग सांडला. कॉन्झर्व्हेटरने बजावलं होतं, पाणी अजिबात लावू नका. आज सकाळी मी बाथटबमध्ये गरम पाणी भरलं, गोधडी त्यात सोडली आणि तू उन्हाळ्यात तुडवायचीस तशी पायांनी तुडवली. पाणी गढूळ झालं. तो कोपरा पायाखाली आला तेव्हा आत काहीतरी मऊ लगदा लागला आणि विरघळून गेला. मला तो कळला. मी थांबले नाही. ज्या घासासाठी एवढं भांडून आले, तो बघता बघता मोरीत गेला, आणि मला काही झालं नाही. दर उन्हाळ्याला धुतलेल्या तुझ्या गोधड्यांत तरी तो कुठे राहत असेल? तुला हे माहीतच असणार. मग तू कधी बोलली का नाहीस?

कॉन्झर्व्हेटर दर ख्रिसमसला कार्ड पाठवते, गोधडी कशी आहे विचारते. यंदाही मी "उत्तम आहे" एवढंच लिहिणार आहे, धुतल्याचं सांगणार नाही. तुला सांगितलं. ह्या पत्रासाठी पाकीट काही मी आणलेलं नाही. गोधडी बाहेर दोरीवर आहे आणि आभाळ भरून आलंय, तेव्हा उठते.