खड्डा बुजवायचा सोमवार

शहापूर,
होळीनंतर, सन १९४४

प्रिय परशराम,

तुझी आज्जी रुक्माबाई सांगते आहे आणि शेजारची इंदू लिहिते आहे. ती चौथी शिकली आहे, म्हणून मी बोललेलं सगळं तिला लिहावंसं वाटत नाही. मी शिवी घातली की ती “अरेरे” असं लिहिते. तेव्हा या पत्रात जिथं जिथं “अरेरे” दिसेल तिथं काय वाचायचं ते तुला ठाऊक आहे.

शहापुरातनं बेळगावच्या कॅम्पापर्यंत माणूस पान चघळत चघळत पोचतो. तरी मी टपालाचं तिकीट लावते आहे. आता तू ठेकेदाराचा मोठा मेस्त्री झालास, नकाशे काढतोस, तुझे पाय काही या गल्लीकडं वळत नाहीत. पोस्टमनचे वळतात. म्हणून त्याच्या पायांनी येते.

तुझी आई बरी आहे. म्हणजे अक्काताई जशी बरी असते तशी. दिवसभर मागावर बसते आणि संध्याकाळी कंबर धरून मलाच विचारते, “आत्याबाई, तुमची कंबर दुखत न्हाय?” मी म्हणते, “माझी दुखून दुखून कंटाळली गं.” परवा एक जांभळं लुगडं मागावरनं उतरवलं. काठ असा आला की तुझा आजोबा असता तर बोललाही नसता, नुसता हात फिरवत बसला असता. त्या कोष्ट्याचं कौतुक तसंच असायचं.

आणि ही खोली सोडायला लागणार हे तुला कळलंच असेल. सोमवारी. मालक भरमाप्पा स्वतः आले होते, चांगलं बोलले. वाईट माणूस नव्हे तो. लढाई लागल्यापासनं कॅम्प पलटणींनी भरून गेला, त्यांच्या मागनं कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या मागनं कारकून आले, आणि कारकुनांच्या बायकांना रात्री अंग टाकायला जागा नको का? नाल्याच्या पलीकडं इंग्रजांचं राज्य, तिथं भाडं वाढवायला बंदी आहे म्हणतात. अलीकडं आपण सांगलीकरांच्या संस्थानात, इथं तसली बंदी नाही. तिकडं खोल्या भरल्या, मग जो तो घर शोधत अलीकडं येतो आणि आपण मधल्या मधे चेपले जातो.

महिनाभर आम्ही दोघी जागा बघत फिरलो. वडगावात कुणा दुर्गाबाईच्या वाटणीची एक खोली रिकामी होती. त्या बाईनं जात विचारली नाही, माणसं किती ते विचारलं नाही. दाराशीच म्हणाली, “माग हाय का?” व्हय म्हटल्यावर तोंड असं झालं जसं आम्ही वाघ आणतोय घरात. “मागाला पाय सोडायला भुईत खड्डा खणणार तुम्ही, त्यानं भिंत खचती माझी.” मी म्हटलं, “बाई, मग मी माग आढ्याला टांगते, खालनं तू ये-जा कर.” अक्काताईनं मला हाताला धरून ओढत बाहेर काढलं. आणखी तीन ठिकाणी तेच. नव्या घरांत तर सगळीकडं शहाबादी फरशी. फरशी दिसली की मालक खूष आणि कोष्टी उपाशी. बेळगुंदीच्या भावकू शेतकऱ्यानं मळ्यातली झोपडी फुकट देऊ केली, देव त्याचं भलं करो. पण तिथं पावसाळ्यात भुईतनं पाणी उमाळतं. भातशेतात माग घालून काय करू, बेडकांना लुगडी नेसवू?

तुझा निरोप पोचला. माग विकून टाका, मग याच चाळीत अर्धी खोली तुम्हाला मिळवून देतो. कुणाला विकू रं? घेणाऱ्यालाही खड्डा खणायला भुई लागते. आणि माग गेल्यावर त्या अर्ध्या खोलीचं भाडं तुझी आई कशानं भरणार, तुझ्या आजोबाच्या नावानं?

अर्धी खोली. हा शब्द मला कळायला वेळ लागला. मग भरमाप्पांनीच समजावलं. खड्डे बुजवायचे, वर फरशी घालायची, मधनं विटांची आडभिंत, म्हणजे एका कोष्ट्याच्या खोलीत दोन बिऱ्हाडं. माग सगळी भुई खातो, माणसाला काही ठेवत नाही. गावात जागा थोडी, माणसं लई, म्हणून ही तोड. मी म्हटलं, डोकं चांगलं चाललं की तुमचं. तर हसून म्हणाले, “माझं कुठलं, आज्जी? तुमच्या परशरामचं. नकाशाच काढून दिला त्यानं. लई हुशार पोरगं.”

अरेरे.

इंदू थांबली आहे. तिला वाटतं मी रडते. लिही गं, लिही, माझ्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, ते पाणी रोजचंच.

परशराम, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. हिशेबानं बरोबरच आहे तुझं. चाळीत घरं दुप्पट होतील. नवी माणसं येतील, त्यांची पोरं फरशीवर रांगतील, चांगलंच आहे. फक्त त्या दुप्पट घरांपैकी एकाचंही भाडं या गल्लीतल्या कुणाला झेपणार नाही, एवढंच तुझ्या नकाशात काढायचं राहिलं. शेजारचा मष्णू मिरजेला चालला. इंदूचं बिऱ्हाड कुठं जाणार ते तिला अजून ठाऊक नाही, तरी बघ, अक्षर कसं नीट काढते आहे. तुझी आई कोगनोळीला भावाकडं, गोठ्याला लागून पडवी आहे तिथं. पडवीत दोघी मावत नाहीत, म्हणून मी बोरगावला तुझ्या आत्याकडं. तुझा बाप गेल्यापासनं आम्ही सासू-सुना एका ताटात जेवत आलो. आता ती तिकडं वाढून घेईल, मी इकडं. माग रविवारी मोडून ठेवणार. लाकडं कुठं जातील ते अजून ठरलं नाही.

मला जागा नको, पैसे नकोत, आणि ती अर्धी खोली तर मुळीच नको. पत्र एवढ्यासाठीच. सोमवारी मातीच्या गाड्या येणार. ठेकेदाराचे गडी बुट्ट्यांनी माती ओततील आणि तासाभरात भुई सपाट होईल. तुझा आजोबा जन्मभर त्या खड्ड्यात पाय सोडून बसला. गेला तेव्हा त्याला माती द्यायला घरात दुसरा पुरुष नव्हता. तू एवढासा, पण पहिली मूठ मी तुझ्याच हातनं टाकवली, कारण आपल्यात पहिली माती परक्यानं टाकायची नसते. तेव्हा सोमवारी सकाळी ये. नकाशा घरी ठेव, चप्पल दाराबाहेर काढ, आणि पहिली बुट्टी तू टाक. मी काही बोलणार नाही. शेजारी उभी राहीन फक्त. मग गडी आहेतच.

तुझीच, सोमवारपर्यंत शहापूरची,
आज्जी