चारूसाठी वेगळं पाणी

महाल, नागपूर
१४ एप्रिल १९८६

चि. सौ. शोभास,
यमुताईचे अनेक आशीर्वाद.

आपली चारू पहिल्या बाळंतपणाला आली वं! सातवा लागला. जावई मधुसूदनराव स्वतः खापरखेड्याहून सोडून गेले.

पाण्याचं मात्र तिचं जमेना. मोहल्ल्यात कावीळ आहे म्हणून आम्ही उकळून पितो. ते तोंडी लागलं की तिला उलटी. मग आपल्या मुकुंदानं बहिणीसाठी ते टीव्हीवरचं पाण्याचं यंत्र आणलं. पांढऱ्या कोटातला डॉक्टर सांगतो, की यातून गळलं की एक जंतू राहत नाही, उकळायची कटकटच नको. यंत्र लहान, थेंबथेंब गळतं, म्हणून ते पाणी फक्त चारूचं. तुझे भाऊजी एक पेला पळवायला गेले, तर मी हातच धरला!

सगळ्यांना आशीर्वाद. येऊन जा एकदा.
तुझी यमुताई

नरखेड
२२ एप्रिल १९८६

ती. यमुताईस,
शि. सा. न.

तो पांढरा कोटवाला मागं दंतमंजन विकून राहिला होता नं? लोकांचे दात पडले, आता पाण्याकडे वळला वाटते मेला!

थट्टा पुरे. ताई, तेही पाणी उकळूनच दे. गार करून वाळा टाक, म्हणजे वास येणार नाही. चारूला म्हणावं, मावशी लाडू घेऊन येते. भाऊजींना नमस्कार.

माया आहेच, राहू दे.
तुझी शोभा

नागपूर
३ जून १९८६

चि. सौ. शोभास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं, पण मुकुंद म्हणाला की पुन्हा उकळायचंच होतं तर यंत्र आणलं काहून? मलाही पटलं.

चारूचे डोळे पिवळे झाले गं. डॉक्टरांनी विचारलं, की पाणी कोणतं पिते? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की घरात आणखी कोणाला कावीळ? कोणालाच नाही. तेव्हा ते म्हणाले, की यंत्राचं बंद करा, तिलाही उकळलेलंच द्या. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट, म्हणाले. पोरगी कालपासून असंबद्ध बोलते, मला ओळखत नाही.

मिळेल त्या एसटीनं ये.
यमुताई

नरखेड
५ जुलै १९८६

ती. यमुताईस,
शि. सा. न.

चारूचे दिवस आटोपून मी परतले, पण जीव तुझ्यातच आहे. बाळाचं तोंडही आपल्याला जिवंत पाहायला मिळालं नाही. दोघं एकदमच गेली. काय लिहू?

मुकुंदाला आलेलं कंपनीचं उत्तर त्यानं मला कळवलं. म्हणे, यंत्र गाळ काढायला आणि चव सुधारायला आहे, रोगाबद्दल आम्ही काहीच बोललो नाही! मग एक जंतू राहत नाही म्हणून रोज संध्याकाळी कोण ओरडत होतं? तळतळाट लागेल त्यांना.

तू स्वतःला बोल लावू नको. जेवत जा गं, माझी शपथ आहे तुला.
तुझी शोभा

नागपूर
१९ जुलै १९८६

चि. सौ. शोभास,
आशीर्वाद.

बोल कोणाला लावू, सांग. रोज पेला भरून मीच तिच्या तोंडाशी धरत होते.

समोरच्या कांताबाईंची नीला बाळंतपणाला आली आहे. त्यांनी तेच यंत्र घेतलं. आपल्या घरी पाहिलं होतं, आणि टीव्हीवर ती जाहिरात अजून लागते. मोहल्ल्यात आम्ही देवाची मर्जी एवढंच सांगितलं होतं. मुकुंदानं हात जोडले, की आई, खरं बोलू नको, मधुसूदनरावांच्या कानी गेलं तर काय तोंड दाखवू?

तरी मी गेले. सगळ्यांसमोर सांगितलं, की आम्ही उकळलेलं प्यालो म्हणून वाचलो, आणि लाडाच्या लेकीला यंत्राचं पाजून मारलं. कांताबाईंनी माझे डोळे पुसले. म्हणाल्या, की यमुताई, दुःखानं तुमाले तसं वाटून राहिलं, टीव्हीवर काय डॉक्टर खोटं सांगन? आणि माझ्यादेखत त्यांनी यंत्राची तोटी सोडून नीलाला पेला भरून दिला. मी तो हिसकून मोरीत ओतला. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, दार लावलं. मधुसूदनरावांनाही कळलं असेल. त्यांचं पत्र नाही.

आता रोज सकाळी पाणी उकळून गार करते आणि त्यांच्या ओट्यावर घागर ठेवते. संध्याकाळी भरलेलीच परत आणते. नीला खिडकीतून पाहते. तिला आता नववा लागला.

माझ्यावरची माया उतरू देऊ नको.
तुझी यमुताई