बाई सगळ्यांनाच ‘बरोब्बर’ म्हणतात

करवंदपाडा, ता. मुरबाड
१३ जानेवारी २००९

चि. अमोल यास,

देवजीमामाचे आशीर्वाद, त्यातले निम्मे चि. सौ. माधुरीला दे. तुझी तब्येत, तुझा कॉम्प्युटर क्लास आणि वाशिंदच्या तुझ्या खोलीतला नळ, तिघंही बरे असतील असं धरून चालतो. माझं म्हणशील तर गुडघा सोडून बाकीचा देवजी ठीक आहे. उद्या संक्रांत, पण यंदा आपल्याकडे तिळगूळ नाही हे तुला सांगायला नको. तुझ्या आईच्या तेराव्यानंतर तू इकडे फिरकला नाहीस, त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही (हा निघाला तेवढाच). फोनवर बोललो असतो, पण आमच्याकडे रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर येते आणि तिथून बोललेलं वाशिंदला पोचो न पोचो, सगळ्या पाड्याला पोचतं.

पत्राचं कारण तुझी सीडी. आईच्या गणिताच्या चौदा धड्यांची सीडी उंदराने खराब केली. (उंदीर सीडीचं काय करतो हे मला विचारू नकोस. आमच्या शाळेतले उंदीर हजेरीपटही वाचतात.) तेव्हा दुसरी पाठव. पण त्याआधी ती सीडी इथे काय काय करून गेली हे तुला कळायला हवं, कारण मूळ उद्योग तुझा आहे.

तुला आठवत असेल, मुंबईच्या कुठल्याशा मंडळाने शाळेला टीव्ही आणि सीडीचं यंत्र दिलं होतं. सोबतच्या सीडीत एक सुटाबुटातला गृहस्थ लिफ्टचे मजले मोजत बेरीज शिकवायचा. आमच्या पोरांनी लिफ्ट कुठे पाहिली? त्यांना वाटलं, त्या माणसाला कुणीतरी कपाटात कोंडलंय, आणि सगळा तास ती त्याच्या सुटकेची वाट बघत बसली. तेव्हा तुझी आई म्हणाली, मीच शिकवते, अमोलला काढू दे. तू लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राचा कॅमेरा आणलास आणि जोडकामही त्याच्याच कॉम्प्युटरवर केलंस. त्यामुळे प्रत्येक धड्याच्या आरंभी दोन कबुतरं चोचीत ‘सौ. चंद्रकला’ धरून येतात आणि शेवटी तुझ्या आईवर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. काय चिडली होती तुझ्यावर! भागाकार शिकवतेय की सप्तपदी घालतेय, म्हणाली. जूनमध्ये ती गेली. तेव्हापासून त्या पाकळ्या पडायला लागल्या की मी टीव्हीकडे पाठ करतो.

ती गेल्यावर राहिल्या चार इयत्ता, दोन खोल्या आणि एक मी. म्हणून पहिली-दुसरी मी घ्यायची आणि मधल्या पत्र्याच्या पलीकडे तिसरी-चौथीला टीव्ही लावून द्यायचा, असं ठरवलं. (ठरवलं म्हणजे दुसरं सुचलं नाही.) पहिल्या दिवशी पोरांनी उभं राहून टीव्हीला ‘एक साथ नमस्ते’ घातलं. लाइट जायची तेव्हा बाई हात वर केलेल्या मिटायच्या आणि पोरं लाइट येईपर्यंत गप्प बसून राहायची, जिवंतपणी तिच्यापुढे बसली नसतील इतकी गप्प. आईचा खोकला तू कापला नव्हतास. पहिल्या धड्यात तो दोनदा येतो, बाराव्यात मोजता येत नाही. तिसरीतली भागी एकदा उठली आणि टीव्हीपुढे पाण्याचा गिलास ठेवून आली. पुढे तो रोजचाच झाला.

चौथा धडा मला पाठ आहे. तू तो काढत होतास तेव्हा मी पलीकडे तेराचा पाढा म्हणून घेत होतो आणि आईने मध्येच थांबून ‘दादा, हळू रे!’ म्हणून मला दटावलं, तेही सीडीत राहिलं. त्यामुळे चौथा धडा लागला की मी पत्र्याच्या अलीकडे आधीच आवाज खाली आणतो. त्याच धड्यात ती विचारते, सतरा बोरं पाच पोरांना सारखी वाटली, उरली किती? भिमी, तू सांग. भिमीचं उत्तर तुझ्या माइकने पकडलेलं नाही. तिथे फक्त शांतता आहे आणि मग आई म्हणते, ‘बरोब्बर!’

भिमी तुला चांगली माहीत आहे. दोन वर्षं ती तुमच्याच घरी राहिली, तुझ्या खाटेवर झोपली, तुझा जुना कंपास अजून तिच्या दप्तरात असायचा. यंदा चौथीत होती. टीव्हीतून नाव आलं की ती उभी राहायची आणि ‘दोन उरली, बाय’ म्हणून सांगायची. धडा दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने टीव्हीकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘शंभर.’ बाई म्हणाल्या, बरोब्बर! पोरगी खाली बसली ती पुन्हा म्हणून उठली नाही. बाकीच्यांना मात्र खेळ सापडला. सतरा बोरं वाटून कुणाची म्हैस उरते, कुणाचा मामा उरतो, आणि तुझी आई, जिने उभ्या जन्मात चुकीच्या गणिताला माफ केलं नाही, सगळ्यांनाच बरोब्बर म्हणते.

ऑगस्टमध्ये तालुक्याचे साहेब आले. त्यांनी नमस्ते पाहिलं, गिलास पाहिला (तो त्यांनी स्वतःसाठी समजून पिऊन टाकला), आणि म्हणाले, गुरुजी, इतकं जिवंत अध्यापन मी आजवर पाहिलं नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. पण बहिणीचं कौतुक चाललं होतं रे, आणि मला ते ऐकायचं होतं. अहवालात ‘अध्यापनात खंड’ या रकान्यात मी माझ्या हाताने ‘नाही’ लिहिलं. अक्षरही चांगलं काढलं.

दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे पाड्यातली माणसं कामाला न्यायला वीटभट्टीचा ट्रक आला. आई त्या दिवशी काय करायची तुला माहीत आहे. रस्त्याच्या मोरीवर ट्रकच्या तोंडासमोर हजेरीपट मांडीवर घेऊन बसायची आणि भिमीला खाली उतरवल्याशिवाय उठायची नाही. मुकादमाच्या शिव्या ऐकायची आणि मध्येच विचारायची, तुझी पोरं कितवीत आहेत रे? यंदा हॉर्न वाजला तेव्हा मी पहिलीला अक्षरं गिरवायला दिली होती. हॉर्न मी ऐकला, अमोल. कानात तुळशीपत्र घातलं नव्हतं. पण त्याच वेळी पत्र्याच्या पलीकडून आवाज आला, ‘दादा, हळू रे!’ आणि मला वाटलं, चंद्रकला आहे, ती बघेल. किती वेळ वाटलं सांगता येणार नाही. मी बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर धूळ होती. आतली पोरं म्हणाली, ‘गुरुजी, भिमी मगाशीच गेली, आईसंगती. बायनी काय आडवली नाय.’ आत पाकळ्या पडत होत्या.

डिसेंबरात हुकूम आला. डिजिटल माध्यमातून अध्यापन सुरळीत सुरू असल्याने रिक्त पद तूर्त भरण्याची आवश्यकता नाही. सापगावची एक डी.एड. झालेली पोरगी, प्रेमा, इथे यायला तयार होती, तिचा कागद परत गेला. वर असंही ठरलं आहे की बाई नसलेल्या चाळीस शाळांना ही सीडी द्यायची आणि इंटरनेटवरही चढवायची. म्हणजे जगाच्या पाठीवर कुणीही चंद्रकलेकडून भागाकार शिकू शकेल, फक्त करवंदपाड्याला बाई मिळणार नाही. आणि तेवढ्यात उंदराने घोटाळा केला. तेव्हा नवी सीडी लवकर पाठव, शाळेचा लौकिक आहे.

गुडघ्याची वेळ झाली, थांबतो. सौभाग्यवतीला आशीर्वाद वर दिलेच आहेत, ते पुरवून वापरा.

तुझा मामा,
देवजी

ता. क. सीडी पाठवू नकोस. उंदीर नव्हता. परवा रविवारी शाळेत एकटा बसून मीच ती राख आणि काथ्याने घासली, टोप घासतात तशी. काल अहवालात ‘अध्यापन बंद’ लिहिलं आणि जागा भरा म्हणून खाली सही केली. तालुक्याची माणसं मूळ प्रत मागायला तुझ्या क्लासवर येतील. त्यांना सांग, कॉम्प्युटर बसला आणि सगळं पुसलं गेलं. खोटं बोलायला लावतोय, पण मी लिहिलेल्या ‘नाही’पेक्षा हे बरं.

ता. क. २. पुसू मात्र नकोस. एक प्रत ट्रंकेत तळाशी ठेव. हल्ली टीव्ही बंद असला तरी तेराचा पाढा आला की माझा आवाज आपोआप खाली जातो. म्हातारपणी कधीतरी तो चौथा धडा मला एकदा ऐकव.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. भिमीची भट्टी वाशिंदच्या नदीकाठी आहे, तुझ्या क्लासपासून सायकलने पंधरा मिनिटं. तू जा. कायदा वगैरे बोलू नकोस, आई कधी बोलली नाही. नुसता जाऊन बस आणि उठू नकोस. तिच्या जेवणखाणाचं आणि झोपण्याचं मी बघतो, तुझी खाट अजून तशीच आहे. यायला भिमी सहजासहजी तयार होणार नाही. आधी विचारील, बाय अजून टीव्हीत हाय का? तिला सांग, टीव्ही बिघडला. आता गुरुजीच शिकवतात, चुकलं तर चुकलं म्हणणारं माणूस आहे. येईल.