रक्तातलं लपवायचं नाही

प्रिय मनस्वी,

फोनवर तुला मी "बरी आहे" एवढंच सांगते. आज सगळं लिहिते. माझ्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली, हे तुला ठाऊक आहे. यकृतावरही डाग निघाले होते, ते तुझ्या परीक्षेपायी लपवलं. पहिल्या डॉक्टरांनी तुझ्या काकांना बाजूला घेऊन, आता घरीच सेवा करा, असं सांगितलं. मी दाराआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहिले. बाजारात माझ्या शेजारी मासे विकायला बसणारी सोनूबाई भांडली माझ्याशी. मी म्हटलं, मरायचं तेव्हा मरेन, आज सुरमई आलीय.

तिनेच मला डॉक्टर ईशा यांच्याकडे नेलं. त्यांनी माझे स्कॅन, गाठीचा तुकडा आणि रक्तातल्या जनुकांची तपासणी, तिन्ही मुंबईला पाठवून एआयकडून एकत्र वाचून घेतलं. नेहमीच्या केमोचा उपयोग थोडा, शरीराची स्वतःची ताकद जागी करणारं औषध जास्त चालेल, असा अंदाज निघाला. यंत्र चुकलं तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "चुकू शकतं. म्हणून आम्ही चार डॉक्टरांनी बसून तपासलंय. ठरवायचं तुम्ही आणि आम्ही." इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. औषधाच्या सुईसाठी मी हात पुढे केला. पाच महिन्यांत डाग निम्म्यावर आलेत.

पण त्याच तपासणीत आणखी एक कळलं. जनुकातला हा दोष मला जन्मापासून आहे, माझ्या आईकडून आलेला. ती बेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेली, तुझा दीपकमामा एकोणचाळिसाव्या. गावाने करणी म्हटलं, आणि आमच्या चिमाकाकीवर बोट ठेवलं. मीही वीस वर्षं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. मागच्या आठवड्यात भाट्याला तिच्या घरी जाऊन तिच्या पाया पडले. तिने चहा ठेवला, मी प्यायले.

हा दोष तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे. काका म्हणतात, वैशाखात लग्न उरकू दे, मग सांग, नाहीतर संदेशच्या घरचे सोयरीक मोडतील. मोडली तर मोडू दे. मला तू जिवंत हवीस. दोष निघाला म्हणजे आजार झाला असं नव्हे. वेळच्या वेळी दुर्बिणीने आतडं तपासत राहिलं, तर गाठ होण्याआधीच बरंचसं रोखता येतं. संदेशला काय सांगायचं, ते तुझं तू ठरव. रक्त द्यायला मात्र सोमवारी दापोलीहून पहिल्या एसटीने ये. मी स्टँडवर असेन. काकांना आडवं यायचं असेल तर त्यांनी तिथे यावं.

तुझीच,
आई