सूनबाईच्या पदांची वही

नागभीड, १४ मे १९५६

आज चिरंजीवांनी नाटकमंडळींना सांगितले, की सुमनची पदांची वही हरवली. हे असत्य आहे. वही सूनबाईने स्वतः चुलीत घातली, आणि तिला तिथवर मी नेले.

ती मोहफुले वेचता वेचता पदे रचत असे. टोपली भरेपर्यंत पद पूर्ण होई. मला ते गबाळेपण वाटले. मी वेचणे बंद केले, टोपली खुंटीला टांगली आणि नेम घालून दिला: रोज पहाटे एक तास, रोज एक पान. पाने कोरी राहू लागली, तेव्हा संध्याकाळचाही तास जोडला. घरकामातले मात्र काहीच कमी केले नाही. का केले नाही?

"मामाजी, बसल्या जागी मले काई सुचत नाई. वेचाले जाऊ द्या ना."

"रानात हिंडून कोणी कवी होत नसते. आळस तुझ्या हाडांत आहे."

"मंग हाडंच लिहितीन तुमचं पान!" टोपलीकडे पाहत ती म्हणाली.

उत्तर उद्धट होते. उत्तमही होते, ते मी तिला सांगितले नाही.

पौषातले नाटक आता तिच्या पदांवाचून होईल.

चिरंजीवांनी तारखांचाही घोळ केला. त्या अशा:

१२ मार्च: शेवटचे पद.
१३ मार्च: वेचणे बंद.
२ एप्रिल: दुसरा तास सुरू.
१९ एप्रिल: वही चुलीत.
२० एप्रिल: मी तिला नवी वही आणून दिली, ओळी आखून.