कुमहेलिगचा डेव्हिड रीस

स्क्रँटन, पेनसिल्व्हेनिया
४ फेब्रुवारी १९७८

ती. तेगवेनताई यांस,
इद्रिसचा सा. न. वि. वि.

ताई, आधी हॅनाबाईंना खुर्चीत नीट बसवा, मगच पुढचं वाचून दाखवा. तुमच्या आजोबांची कबर सापडली! हा म्हातारा पोस्टमन नुसते कागद रंगवतो, अशी तीन वर्षं तुमची बोलणी खाल्ली. आता पत्राने का होईना, माझं तोंड गोड करा. जुन्या वेल्श दफनभूमीच्या वरच्या कोपऱ्यात दगड आहे. त्यावर आपल्या भाषेत कोरलंय: डेव्हिड रीस, कुमहेलिगचा, १८९१ साली खाणीचं छत कोसळून वारला, मागे पत्नी अ‍ॅन आणि मुलगी हॅना.

आणि गंमत म्हणजे ही कबर मी लहानपणापासून पाहत आलोय! आमचं घर पलीकडच्या गावात. ईस्टरच्या आधी, फुलांच्या रविवारी आपली माणसं आपापल्या कबरी घासतात, चुना देतात, फुलं वाहतात. माझे आजोबा आम्हा पोरांना ट्रॅममध्ये घालून इथे आणायचे. इथे तर आमचं कुणीच नव्हतं. हा कोण, असं विचारलं की ते म्हणायचे, माझ्याच नावाचा एक मित्र होता, त्याला इथे कुणी नाही. वेल्श वाचायला मी फार पुढे शिकलो, तोवर इथे येणं सुटलं होतं, त्यामुळे दगडावर काय आहे ते कधी कळलंच नाही. हॅनाबाईंना सांगा, तुमचे वडील बेवारशी पडलेले नव्हते. माझ्या आजोबांनी जन्मभर त्यांच्याकडे पाहिलं.

माझा स्वतःचा वंशवृक्ष मात्र तुमच्या वेल्समधल्या नांतेइथिनला अडकलाय. तिथल्या चॅपेलमध्ये आजोबांचा बाप्तिस्मा सापडतो, भावंडंही सापडतात. पण अमेरिकेला गेल्यावर त्यांनी घरी एक ओळसुद्धा पाठवली नाही, अशी तिकडच्या लोकांची कुरकुर आहे. ते मला अजून समजत नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नका.
आपला,
इद्रिस रीस


कुमहेलिग
२ मार्च १९७८

चि. इद्रिस यास,
तेगवेनचे अनेक आशीर्वाद.

तोंड गोड कशाला करू? डॉक्टरने तुझी साखर बंद केलीय, हे तुझ्या बायकोने मला केव्हाच कळवलंय.

आईला आता दिसत नाही, म्हणून येईल ते पत्र मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचते. एखादी ओळ गाळली तरी तिला कळतं, आणि मग दिवसभर माझी खैर नसते. दगडाचा मजकूर तिने पुन्हा पुन्हा वाचायला लावला. मग चॅपेलला जायचा काळा झगा काढून मागितला, तो घातला आणि लहान पोरीसारखी रडली. नव्वदीला टेकलेली बाई बापासाठी रडताना मी कधी पाहिली नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.

अ‍ॅनआजीने जन्मभर लोकांच्या पायऱ्या घासल्या. एका चांगल्या दुकानदाराने मागणी घातली होती. माझा माणूस परक्या मातीत एकटा पडलाय, त्याला मी फसवायची नाही, असं सांगून तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. १९२९ साली गेली, तीही काळ्या कपड्यांतच. आई तर बाराव्या वर्षीच परक्या घरी कामाला लागली होती.

या फुलांच्या रविवारी आईच्या नावाने डॅफोडिल वाहा, एवढंच तिचं मागणं आहे. पण खात्री करून घे हो. आमच्या खोऱ्यात दगड भिरकावला तर तो डेव्हिड रीसलाच लागतो, आणि शेजारचा डेव्हिड रीस ओरडतो. आईला बापाची एकच खूण ठाऊक आहे. इथल्या खाणीत कोळशाच्या गाड्याखाली त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. उरलेली बोटं मुठीत धरून ती झोपायची, असं आजी सांगायची. पण दगडाखालचा हात आता कोण बघायला जाणार, म्हणा!

तब्येतीला जप. आमच्यावर अशीच माया असू दे.
तुझी,
तेगवेन


स्क्रँटन
९ मे १९७८

ती. तेगवेनताई यांस,
इद्रिसचा सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र हॅनाबाईंना वाचून दाखवू नका.

फुलांच्या रविवारी मी गेलो नाही. माझ्या आजोबांच्या डाव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती. आम्ही नातवंडं त्या हाताशी खेळत वाढलो.

मी सेराआत्याकडे गेलो. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात तीच त्यांच्या उशाशी होती. आधी तिने मला हाकलून दिलं, मग परत बोलावून घेतलं आणि रडत सांगितलं. दोन डेव्हिड रीस एकाच खोलीत राहायचे, दोघेही नवखे. नांतेइथिनचा पोरगा छताखाली सापडला, त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. पाद्र्याने विचारलं, दोघांतला हा कुठल्या गावचा? आजोबा म्हणाले, कुमहेलिगचा. मग त्या पोराचं गाव आपलं म्हणून सांगत ते पलीकडच्या गावात गेले आणि वर्षभरात लग्न केलं. का, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की पाद्र्याने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. ते १९३४ साली गेले.

म्हणजे हॅनाबाई माझ्या आत्या, आणि तुम्ही माझी आतेबहीण. नातेवाईक शोधण्यात मी आयुष्य घालवलं, आणि सापडले तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटतेय. नांतेइथिनचे सगळे कागद गुंडाळून ठेवले. ती माणसं माझी नव्हतीच. आणि ताई, आजोबांवर माझं फार प्रेम होतं. ते आता कुठे नेऊन टाकू?

माया मागायचं तोंड नाही.
इद्रिस


कुमहेलिग
२८ मे १९७८

इद्रिस,

नेहमीचा मायना आज लिहवत नाही.

सवयीने पहिलीच ओळ मोठ्याने वाचली गेली. आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, की आता पुढचंही वाच, मी काही कुक्कुलं बाळ नाही. मी वाचलं. मग तिने विचारलं, की तो पोरांना खांद्यावर घ्यायचा का? तुझ्या एका जुन्या पत्रात तसं होतं. मी हो म्हटलं. त्यावर ती म्हणाली, की मलाही आवडलं असतं.

तुझे आजोबा दर वर्षी त्या दगडाला चुना लावायचे. त्याआधी तो माझ्या आजीला लावला होता. तिचे गुडघे शेवटी वाकतसुद्धा नव्हते, इद्रिस. मला इतका राग आलाय की तुझं अक्षरही नको वाटतं. तुझा दोष नाही हे कळतं, पण राग कुणावर काढू?

आईने मात्र काल वेगळंच विचारलं. त्या दुसऱ्या पोराच्या आईला कुणी काय कळवलं? तू आणि मी इतकी वर्षं नावाला नाव जोडत बसलो, पण आपल्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नाही. आई म्हणाली, की मला निदान रडायला एक कबर होती, त्या बाईला काय होतं?

मायेचं आज काही लिहीत नाही. त्या पोराच्या घरच्यांची नावं कळव.
तेगवेन


कुमहेलिग
१० एप्रिल १९७९

चि. इद्रिस यास,
तेगवेनचे आशीर्वाद.

आई जानेवारीत गेली हे तुला तारेने कळवलंच होतं. बापाबद्दल ती पुन्हा बोलली नाही. त्या पोराच्या आईची चौकशी मात्र शेवटपर्यंत करत राहिली, म्हणून परवा फुलांच्या रविवारी मी नांतेइथिनला गेले.

तू कळवलंस तेच खरं, आईचं नाव रूथ. घरचं आता कुणी उरलेलं नाही. एक म्हातारी शेजारीण भेटली. तिने सांगितलं, की अमेरिकेहून कुणी परतलं की रूथबाई स्टेशनवर जाऊन उभी राहायची, माझा डेव्हिड भेटला का म्हणून विचारायची. लोक कंटाळले. शेवटी एका परतलेल्याने खरंच सांगितलं, की तुझा डेव्हिड पाहिला, नांतेइथिनचाच म्हणवतो, मजेत आहे, बायकापोरं आहेत. त्या दिवसापासून तिने स्टेशनवर जाणं सोडलं. घरात कुणी त्याचं नाव काढलं तर ती उठून बाहेर जायची. पोरगा आईला विसरला, असं म्हणतच ती मेली.

मी तिची कबर घासली. आईसाठी घेतलेली निम्मी फुलं तिथे वाहिली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिला मोठ्याने सांगितलं, की तो तुला विसरला नव्हता हो, अमेरिकेत गेल्या गेल्याच वारला, आमच्या माणसाने त्याचं मरण चोरलं. सांगताना मला रडू आवरेना.

आता तू एक काम कर. तिकडे पाथरवट बोलाव. दगडावरचं डेव्हिड रीस हे नाव राहू दे, ते त्याचंच आहे. कुमहेलिग खोडून नांतेइथिन लिही. अ‍ॅन आणि हॅना खरडून काढ आणि तिथे एवढंच घाल: मागे आई, रूथ.

माया आहे. कशी टिकली ते विचारू नकोस.
तुझी आतेबहीण,
तेगवेन